मुंगीच्या राज्यातला कुकर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, उजव्या कुशीला एक पोचा असलेला. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगण्याचा मान मोठमोठ्या लोकांना मिळतो. कुकरला कोणी काही विचारत नाही. माझ्याबद्दल घरात एकच प्रश्न विचारला जातो, "किती झाल्या?" आणि तोसुद्धा मला नव्हे. ज्याने शिट्ट्या मोजायच्या असतात त्याला विचारतात, आणि तो नेमका फोनवर बोलत असतो. म्हणून आज मी स्वतःच तोंड उघडायचं ठरवलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मी आधी नुसता गोल पत्रा होतो. एका यंत्राने मला असा दणका दिला की मी पातेलं झालो. दुसऱ्या यंत्राने माझ्यात दाबाने पाणी भरलं आणि मी फुटतो का ते पाहिलं. मी फुटलो नाही, म्हणून माझ्यावर पास झाल्याचा शिक्का मारला. माणसांच्या मुलांवरही साधारण असाच प्रयोग करतात, असं पुढे मी ऐकलं.

दुकानाच्या फळीवर मी फार दिवस बसलो नाही. एक तरुण बाई आली. नुकतीच बँकेत रोखपाल म्हणून लागली होती आणि एका खोलीत एकटी राहत होती. तिने मला उलटंसुलटं केलं, कान लावून टिचकी मारली, शिट्टीच्या नळीतून उजेड दिसतो का ते पाहिलं. मग दुकानदाराला विचारलं, "पाच वर्षांनी याची रिंग मिळेल का?" दुकानदार गोंधळला. म्हणाला, "बाई, लोक विचारतात चकाकी किती दिवस राहील." ती म्हणाली, "चकाकी मला खायची नाहीये."

हीच पुढे सगळ्यांची आत्या झाली. मी तिच्याकडे कितीतरी वर्षं इमानेइतबारे राबलो. दिवसभर लोकांच्या नोटा मोजून ती इतकी कंटाळलेली असे, की घरी आल्यावर शिट्ट्या मोजत नसे. वासावरून गॅस बंद करायची आणि कधी चुकायची नाही. बँकेतल्या मैत्रिणी तिच्या डब्यावर तुटून पडत. माझ्या कुशीतला पोचा तिच्या बढतीच्या दिवसाचा आहे. बातमी ऐकली आणि आनंदाने तिचा हात सुटला. त्यामुळे त्या पोच्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

निवृत्त झाल्यावर आत्या धाकट्या भावाच्या घरी राहायला गेली. बरोबर दोन पेट्या, एक छत्री आणि मी.

त्या घरात माझे दिवस फिरले.

भावाचं चष्म्याचं दुकान होतं. त्याला पोरं बाबा म्हणत आणि आत्या अजूनही 'बाळ' म्हणे. हा बाळ डोक्याने अर्धा टकला होता. दिवसभर तो लोकांना लांबचं नीट दिसावं म्हणून झटायचा, पण पैशांच्या बाबतीत स्वतःला महिन्याची वीस तारीखसुद्धा दिसत नसे. आई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिची कामाची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मुलगा अठरा वर्षांचा. तो इतका उंच होता की लंबू हेच त्याचं नाव पडलं होतं. आणि धाकटी बारा वर्षांची. खाऊतला अर्धा खाऊ उद्यासाठी उशीखाली लपवून ठेवते म्हणून ती मुंगी.

घर प्रेमळ होतं, पण स्वयंपाकघर दुकानाच्या काचेत मांडून ठेवावं तसं स्वच्छ होतं. जेवण बहुधा बाहेरून, खोक्यातून यायचं. ओट्याखालच्या कपाटात मला जागा मिळाली. शेजारी एक पाव करायचं यंत्र होतं. त्याने अंगावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा अजून काढली नव्हती आणि ते माझ्याकडे नाक वर करून बघायचं. तेही मी सहन केलं असतं. पण मित्रांनो, त्या घरात माझ्या पोटात काय ठेवलं होतं माहीत आहे? पिशव्या! प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या. ज्याच्यातून कधी वाफेचा सुगंध निघायचा, त्याच्या तोंडात घड्या घातलेल्या पिशव्या कोंबल्या होत्या. आत्याने ते पाहिलं आणि गप्प राहिली. पाहुणीसारखी राहायचं असं तिने ठरवलं होतं. तो निश्चय टिकला लंबूच्या चहापर्यंत.

झालं असं. लंबूला दुसऱ्या गावातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पूल बांधायला शिकवतात ते कॉलेज. तिथे खानावळ नव्हती, खोली भाड्याने घेऊन राहायचं होतं. घरात आनंदीआनंद झाला. त्याच आनंदात एका दुपारी लंबूने स्वतःचा चहा स्वतः करायचं मनावर घेतलं. पातेलं ठेवलं आणि कामावर असलेल्या आईला फोन लावला.

"आई, पाणी उकळलं हे कसं कळतं?"

इकडे आत्याच्या हातातलं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी आईने जाहीर केलं, "हा कुठेही जाणार नाही. इथल्याच कॉलेजात जाईल. तिकडे हा आठवडाभरात उपाशी मरेल."

"आठवड्यात नाही मरणार," आत्या शांतपणे म्हणाली. "माणूस त्याहून जास्त टिकतं."

"ताई, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. अगं, तू त्याला घरी ठेवलंस तर तो चाळिसाव्या वर्षीही तुला हाच फोन करील. जायला अजून महिना आहे ना? हा महिना घर पोरांच्या हातात दे. खर्चाचे सगळे पैसे यांच्याकडे. बाजार, वीज, दूध, जेवण, सगळं यांनी बघायचं. महिनाअखेर घर उभं असेल तर जाऊ दे त्याला."

"आणि घर पडलं तर?" आईने विचारलं.

"तर पूल बांधायला कोणी दुसरा बघू."

बाबांना ही कल्पना भलतीच आवडली. "वा! आम्हाला आमच्या वेळी कोणी असं शिकवलं नाही. शिका, शिका! पैशाची किंमत कळली पाहिजे!" असं म्हणत त्यांनी मुंगीच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला. कारण आत्या लगेच म्हणाली, "बाळ, तूही यांच्या राज्यातला. दुकानातून आणलेले पैसे आधी डब्यात टाकायचे. मग काय लागेल ते यांच्याकडे मागायचं."

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खजिना झाला. किल्ली नव्हती, म्हणून मुंगी त्याच्यावर बसायची.

पहिला आठवडा म्हणजे नुसती चंगळ. दोघं भावंडं मोठ्या दुकानात गेली आणि ढकलगाडी भरून आली. चॉकलेटची बरणी, जी दोन हातांनी उचलावी लागे. फरशी पुसायच्या औषधाच्या दोन बाटल्यांवर एक फुकट, म्हणून तीन. कडू लागणाऱ्या कसल्याशा हिरव्या फळांचा डबा, जो सगळ्यांनी एकेकदा चाखला आणि एकमेकांकडे सरकवला. मी कपाटाच्या फटीतून सगळं बघत होतो.

"आज आपण कितीतरी पैसे वाचवले," लंबू पावतीवर बोट ठेवून म्हणाला. "इथे लिहिलंच आहे बघ."

मुंगीने डबा उघडून आत डोकावलं. "मग ते डब्यात का नाहीत?"

लंबू गणितात पहिला येत असे. या वेळी मात्र त्याने पावतीची घडी करून ती खिशात टाकली.

रोज खोक्यातून जेवण येतच होतं. महिना अर्ध्यावरही आला नव्हता तोच डबा हलवला की एकटीदुकटी नाणी खुळखुळायला लागली. मुंगीचा चेहरा उतरला. दोघं आत्याकडे गेली.

"मी निवृत्त आहे," आत्या म्हणाली.

"उसने तरी दे," लंबू म्हणाला.

"देते की. व्याज लागेल."

"आत्या, तू आत्या आहेस की बँक?"

"इतकी वर्षं दोन्ही होते रे. आता सवय जात नाही."

मुंगीने भावाला बाजूला ओढलं. "नको घेऊस. पुढच्या महिन्यात आपल्याकडे पैसे येणार कुठून? घरात काय आहे ते आधी बघू." घरात काय होतं? बटाट्यांची एक पिशवी, तांदूळ, चवळी, कांदे आणि चॉकलेटची बरणी. चॉकलेट लावलेला बटाटा त्यांनी खाऊन पाहिला, हे मी कोणाला सांगणार नव्हतो.

"हे शिजवायचं कशात?" लंबूने विचारलं.

आणि मित्रांनो, कपाटाचं दार उघडलं. उजेड आला. कोणीतरी माझं झाकण काढलं आणि पिशव्या ओढायला सुरुवात केली. जादूगाराच्या टोपीतून रुमाल निघावेत तशा त्या निघतच राहिल्या. तळाशी एका टीव्हीचा रिमोट सापडला. तो टीव्ही घरातून केव्हाच गेला होता. पाव करायच्या यंत्राने मान वळवली असती, पण त्याला मान नव्हती.

लंबूने मला धुतलं, पाणी घातलं, बटाटे घातले, झाकण बसवलं, गॅस पेटवला. मग तो फ्रिजमागे जाऊन उभा राहिला. मुंगी बाबांचं हेल्मेट घालून दारात थांबली. दोघं शिट्टीची वाट बघू लागली.

शिट्टी काही होईना. झाकणाच्या चारी बाजूंनी वाफ सुटली. मला कळत होतं काय चुकलं आहे, पण सांगणार कसा? मी नुसता फुसफुसत राहिलो. स्वयंपाकघर धुक्याने भरलं. इतक्यात बाबा घरी आले आणि दारातूनच ओरडले, "आग लागली का रे?"

"नाही, बटाटे आहेत!" धुक्यातून आवाज आला.

शेवटी आत्या उठली. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि जमिनीवरच्या पिशव्यांच्या ढिगातून एक काळी रबरी रिंग उचलली. "हे काय आहे?"

"बांगडी?" लंबू म्हणाला.

"मला वाटलं, पिशव्या बांधायचं रबर," हेल्मेटच्या आतून मुंगी म्हणाली.

"ही झाकणात बसते. ही नसली की आतलं सगळं बाहेर जातं आणि बिचारा गॅस जळत राहतो. तुमच्या डब्याचंही तेच झालंय. त्यालाही रिंग नाही."

त्या संध्याकाळी आत्याने त्यांना सगळं शिकवलं. पाणी कुठवर घालायचं, आच केव्हा कमी करायची, वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात का लावायचा नाही. "कुकर आणि पगार, दोन्ही आल्या आल्या उघडायचे नसतात," ती म्हणाली. लंबू हसला. मुंगी हसली नाही. तिला ते पटलं होतं.

दुसऱ्यांदा मला चढवलं तेव्हा माझा घसा आधी खरखरला. इतक्या वर्षांची सवय सुटलेली. पण मग जी शिट्टी निघाली, ती ऐकून समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडली. लंबू जमिनीवर पालथा पडला. तिसऱ्या शिट्टीपर्यंत तो गुडघ्यांवर आला होता. बटाटे लोण्यासारखे शिजले होते. मीठ आणि थोडं तेल घालून सगळ्यांनी ते गरमागरम खाल्ले. आई ताटावर बसूनही बराच वेळ लंबूकडेच बघत होती.

आता राज्याचा कारभार मुंगीने हाती घेतला, आणि घराला कळलं की बारा वर्षांची मुलगी काय चीज असते. ती लोकांच्या मागे दिवे बंद करत हिंडे. लोक कधी कधी अजून त्याच खोलीत असत. भाजी ती दिवस मावळताना आणायची, कारण तेव्हा भाजीवाल्याला घरी जायची घाई असते. डब्यात तिने पुठ्ठ्याचे कप्पे पाडले. वीज, दूध, जेवण, आणि एका कप्प्यावर लिहिलं, 'काय होईल सांगता येत नाही'. लंबू कॉलेजसाठी पुलाचं चित्र काढावं तसा आठवड्याच्या जेवणाचा आराखडा काढायचा. कधी मीठ जास्त, कधी पाणी. एकदा भात इतका मऊ झाला की आत्याने तो पेल्यातून मागितला. पण तो रोज शिजवत होता.

हाल होत होते ते बाबांचे. एकदा ते रात्री म्हणाले, "मला आज भूक नाही."

मुंगी जवळ गेली आणि तिने त्यांच्या कॉलरचा वास घेतला. "बाबा, तुम्ही बाहेर खाल्लंत?"

"गिऱ्हाइकाने आग्रह केला गं."

"कांदा घातलेलं काहीतरी तळलेलं होतं. कोणत्या गिऱ्हाइकाने?"

बाबांनी मुकाट्याने ताट घेतलं आणि परत जेवले.

इथवर सगळी गंमतच होती. पण एका सकाळी बाबा अंघोळीला गेले होते आणि त्यांचा फोन माझ्या शेजारी ओट्यावर वाजायला लागला. मुंगीने उचलला.

"साहेब आहेत का?" पलीकडून गोड आवाज आला.

"अंघोळ करतायत. मी त्यांची मुलगी. पैशांचं काही असेल तर मलाच सांगा."

"बेटा, साहेबांचा हप्ता परत गेला. खात्यात पैसे नव्हते."

"कसला हप्ता?"

"पाय चेपायच्या मशीनचा. आणि चालायच्या पट्ट्याचा, ट्रेडमिलचा. पावाच्या मशीनचा मागच्या महिन्याचाही थोडा राहिलाय."

मुंगीने फोन ठेवला आणि डब्यावर बसली. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. मुलीचा चेहरा पाहून, काहीही न विचारता, समोरच्या खुर्चीवर बसले. तेवढ्यात रात्रपाळी संपवून आई घरी आली. तिच्या खांद्यावरची पिशवी अजून उतरलीही नव्हती.

"बाबांनी तीन यंत्रं हप्त्यांवर घेतलीयेत," मुंगी म्हणाली.

"हप्त्यांवर?" आईने बाबांकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाला होतात, रोख घेतली. घसघशीत सूट मिळाली म्हणून."

बाबा टेबलावरचा डाग अंगठ्याने पुसत राहिले.

आई हळूच खाली बसली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, दुकान चालत नाहीये. म्हणून मी जास्तीच्या रात्रपाळ्या मागून घेतल्या. लंबूची फी कमी पडू नये म्हणून. तीन महिने मी रात्री जागतेय, आणि तुम्ही पाय चेपून घेताय?"

मी आयुष्यभर दाब सोसला आहे, पण त्या टेबलाभोवती होता तेवढा दाब मला माहीत नव्हता.

"बिनव्याजी होतं," बाबा शेवटी पुटपुटले.

लंबूने कागद ओढला. कागदपत्रांचा खर्च, विमा, उशिराचा दंड, हे सगळं बाबांना विचारत विचारत त्याने मांडलं. बेरीज केली आणि कागद बापापुढे फिरवला. "बाबा, एवढ्यात पावाचं दुसरं यंत्र आलं असतं."

"आणि आपण पहिल्यातसुद्धा पाव केला नाही," मुंगी म्हणाली.

"बाळ," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुला हवं होतं काय?"

टॉवेलातला तो मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला. "ताई, दिवसभर मी 'या साहेब, बसा साहेब' करतो. कोणाचं नाक मोठं, कोणाचा कान वाकडा, सगळ्यांची मर्जी राखतो. संध्याकाळी त्या यंत्रांच्या दुकानात गेलो की ते मला साहेब म्हणतात. खुर्ची देतात. थंड पाणी देतात. मग रिकाम्या हाताने उठवत नाही."

आईने कपाळाला हात लावला. आणि मग, मित्रांनो, तिला हसू फुटलं. रडतारडताच फुटलं, पण फुटलं. "अहो, साहेब म्हणवून घ्यायला तीन हप्ते? मी फुकट म्हटलं असतं!"

त्या दिवशी ठरलं की यंत्रं विकायची. विकायचं काम बाबांकडे आलं, आणि त्यांच्या अंगात वारं संचारलं. शेवटी जन्मभर त्यांनी विकलंच होतं. अडचण एवढीच होती, की मुंगी शेजारी उभी असायची आणि त्यामुळे खरं बोलावं लागत होतं. "बाई, हे पावाचं यंत्र एकदाच वापरलंय," त्यांनी समोरच्या बाईंना सांगितलं. मुंगी खाकरली. "म्हणजे एकदाही नाही." बाईंनी ते लगेच घेतलं. पिशवीसकट कपाटातून निघताना ते यंत्र माझ्याजवळून गेलं. मी मोठ्या मनाने निरोप दिला. पाय चेपायचं यंत्र नाक्यावरच्या न्हाव्याने आपल्या दुकानासाठी नेलं. चालायचा पट्टा कोणी घेईना. आई म्हणाली, राहू द्या, त्याच्यावर कपडे छान वाळतात. मिळालेल्या पैशातून दोन हप्ते कायमचे मिटले. तिसऱ्यासाठी बाबांनी बाहेरचं तळलेलं सोडलं. निदान आठवड्यातले बरेच दिवस. आणि जास्तीच्या रात्रपाळ्या आईने बंद केल्या.

महिना संपला. घर उभं होतं. डब्यात थोडेसे पैसे शिल्लक होते आणि फरशी पुसायच्या औषधाच्या अडीच बाटल्या. आईने लंबूला समोर बसवलं.

"तिकडे ताप आला तर काय करशील?"

"पाणी पिईन. मऊ भात करीन, तो तर मला न ठरवताही जमतो. दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टर. आणि तुला फोन."

"पैसे संपले तर?"

"संपायच्या आधी सांगीन."

बाबांनी खाली घातलेली मान वर केली. "हे उत्तर मलाही पाठ करायला हवं," ते म्हणाले. आईने टेबलाखालून त्यांचा हात धरला. मी ओट्यावर होतो, मला दिसलं.

"जा," आई लंबूला म्हणाली. मग उठून पाठमोरी झाली आणि उगाचच भांडी लावू लागली.

खरी अडचण मुंगीची झाली. आईने डबा परत मागितला तर ती उठेना. "अर्ज करा," म्हणाली. शेवटी तडजोड झाली. डबा आईबाबांचा, पण दर महिन्याला सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, काय आलं, काय गेलं ते मोठ्याने बोलायचं, आणि मुंगीला प्रश्न विचारायचा हक्क. आत्या म्हणाली, तिच्या बँकेतही इतका कडक तपासनीस कधी आला नव्हता.

निघायच्या दिवशी आत्याने मला स्वतः घासलं. नवी रिंग बसवली. जुनी रिंग हातात धरून क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, आता काही बोलेल. ती एवढंच म्हणाली, "नळी रोज बघत जा रे त्याची. तांदूळ अडकतो." हे ती लंबूला म्हणाली, पण हात माझ्या पोच्यावर होता. मग तिने मला लंबूच्या स्वेटरांमध्ये गुंडाळलं.

आता मी त्या दुसऱ्या गावात एका तीन खाटांच्या खोलीत राहतो. लंबूचे दोन सोबती आहेत. एक जाडा चष्मेवाला, तो पहिल्या दिवशी मला पाहून खोलीबाहेर गेला. दुसरा झोपाळू, त्याने शिट्टीला गजर समजून अंघोळ केली. लंबू दोघांना शिकवतो आहे. आमच्या दाराच्या मागे खर्चाचे पुठ्ठ्याचे कप्पे टांगले आहेत. झोपाळूला महागडा फोन हप्त्याने घ्यायचा होता. लंबूने त्याला समोर बसवून सगळी बेरीज करायला लावली, आणि वर थंड पाणी देऊन "साहेब" म्हटलं. फोन घ्यायचा का नाही हे झोपाळूने अजून ठरवलेलं नाही. निदान त्याची झोप तरी उडाली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात, तसं मीही मागतो. माझी शिट्टी साफ ठेवा, रिंग वेळेवर बदला, आणि कृपा करून माझ्यात पिशव्या ठेवू नका. पण त्याहून मोठं मागणं तुमच्या आईबाबांकडे आहे. मुलांना लवकर ओट्याजवळ येऊ द्या. थोडं सांडू द्या, थोडं करपू द्या, डबा एकदा रिकामा होऊ द्या. तुम्ही शेजारी आहात तोवरच होऊ द्या. आणि घरातले पैसे कुजबुजत मोजू नका. मुलांना सगळं ऐकू येतं, फक्त अर्धवट ऐकू येतं.

परवा संध्याकाळी लंबूने चवळी चढवली आणि घरी फोन लावला. आईला सवयीने वाटलं, काहीतरी अडलं असणार.

"काय विसरलास? मीठ? पाणी?" तिचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला.

"काही नाही विसरलो. तू जेवलीस का, ते विचारायला केलाय."

लंबूने फोन कानापासून दूर करून पाहिला, बंद तर नाही पडला? मग आई बोलली. आवाज जरा ओला होता.

"अजून नाही रे. आज स्वयंपाक तुझे बाबा करतायत. दार लावून घेतलंय आणि मुंगी हेल्मेट शोधतेय."